बालवाडीत सहायक शिक्षिका म्हणून रुजू होताना: काम कोणते, आणि त्यात शिकवणे कुठे असते

तुमचा प्रश्न असा आहे: पदवी झाली आहे, पूर्वप्राथमिकचे प्रशिक्षण झालेले नाही, आणि येत्या जूनपासून एका मराठी माध्यमाच्या बालवाडीत तीन ते चार वर्षांच्या तीस मुलांच्या वर्गावर मुख्य शिक्षिकेच्या हाताखाली सहायक म्हणून रुजू व्हायचे आहे. या पदावर नेमके काम काय असते, आणि ‘शिकवणे बाईंचे, शी-शू, डबा आणि रडारड आपली’ अशी वाटणी झाली तर शिक्षिका म्हणून आपण काही शिकणार आहोत का, असे तुम्ही विचारले आहे. मी सात वर्षे सहायक म्हणून आणि त्यानंतर एकोणीस वर्षे मुख्य शिक्षिका म्हणून पुण्यातील बालवाड्यांत काम केले आहे. त्या अनुभवावरून लिहिते.

ती वाटणी बहुतेक ठिकाणी होते, तुमच्याही बाबतीत होईल. परंतु तीन वर्षांचे मूल घराबाहेरच्या पहिल्या वर्षात जे शिकते, त्यातला फार मोठा भाग ते याच वेळांत शिकते. आई दिसत नसताना धीर धरणे, आपल्या शरीराला काय हवे आहे ते ओळखून परक्या माणसाला सांगणे, स्वतःच्या हाताने खाणे, शेजारच्याचे वेगळे अन्न पाहणे, सांडलेले पुसणे, हे सारे या वयाचे शिक्षणच आहे आणि ते तुमच्या हाती येणार आहे. म्हणून ही कामे उरकण्याची मानू नका. ती कशी करायची, हेच तुम्हाला पहिल्या वर्षात शिकायचे आहे.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यापासून सुरुवात करते, कारण सहायक शिक्षिकेची सर्वांत मोठी परीक्षा तेव्हाच असते. तीस मुलांपैकी दहा-बारा मुले रडतात, दोघे-तिघे दाराकडे धावतात, आणि एखादे मूल अजिबात रडत नाही, पण हलतही नाही. रडणाऱ्या मुलाकडे सगळ्यांचे लक्ष जाते. गप्प बसलेल्याकडे तुम्ही पाहा. माझ्या सहायकपणाच्या दुसऱ्या वर्षी एक मुलगा पाठीवरचे दप्तर काढायलाच तयार नव्हता. दप्तर पाठीवर, पाण्याची बाटली गळ्यात, पाठ भिंतीला लावलेली, अशा अवस्थेत तो दाराजवळ बसून राही. दप्तर काढले की आपण इथलेच झालो आणि मग घरी नेणार नाहीत, असा त्याचा हिशेब असावा. मी त्याच्या बाजूला हातभर अंतर ठेवून बसत असे आणि चिंचोके एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकत असे. त्याच्याशी फारसे बोलत नसे. तिसऱ्या दिवशी एक चिंचोका घरंगळत त्याच्याकडे गेला, तेव्हा त्याने तो पायाच्या अंगठ्याने माझ्याकडे ढकलला. पाचव्या दिवशी त्याने स्वतः एक चिंचोका वाटीत टाकला. सहाव्या दिवशी दप्तर पाठीवरून मांडीवर आले, आणि त्यानंतरच्या सोमवारी ते खुंटीला लागले. त्या आठ दिवसांत कोणी त्याच्या अंगावरून ते ओढून काढले असते, तर वर्ग शिस्तबद्ध दिसला असता, पण त्या मुलाचा आमच्यावरचा विश्वास बसायला दिवाळी उजाडली असती.

रडणाऱ्या मुलाला ‘रडू नको’ असे सांगून उपयोग नसतो. ‘आईची आठवण येते आहे ना’ असे आधी मान्य करा आणि आई केव्हा येणार ते घड्याळाच्या भाषेत न सांगता दिवसाच्या क्रमात सांगा: आधी गाणी, मग डबा, मग मैदान, मग गोष्ट, आणि गोष्ट संपली की आई दारात. हा क्रम रोज तोच राहिला पाहिजे, कारण त्या मुलाचे घड्याळ तोच आहे. निरोपाच्या बाबतीत पालकांना स्पष्टपणे सांगावे लागते. आजी-आजोबा अनेकदा मुलाचे लक्ष नसताना चोरपावलांनी निघून जातात. त्या क्षणी रडे टळते, पण नजर हटली की माणूस नाहीसे होते एवढेच मूल त्यातून शिकते आणि दुसऱ्या दिवशी पदर सोडत नाही. आपल्याकडे घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. पालकांनी मुलाकडे पाहून ‘येते हं’ एवढेच म्हणावे आणि खरोखर निघावे. पुन्हा पुन्हा मागे वळणे आणि खिडकीतून डोकावणे याने मुलाची फरपट होते.

आता शी-शूबद्दल. या विषयावर मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण यासंबंधी कोणी शिकवत नाही आणि नव्या मुली संकोचाने विचारतही नाहीत. प्रत्येक घरात या क्रियांसाठी वेगळा शब्द असतो. काही घरांत नुसती खूण असते. प्रवेशाच्या वेळीच पालकांना तो शब्द विचारून लिहून ठेवा, कारण मूल तो शब्द तीनदा म्हणते, आपल्याला कळत नाही, आणि चौथ्यांदा ते म्हणण्याची वेळ उरलेली नसते. नाडीची किंवा घट्ट बटणाची चड्डी घालू नका, इलॅस्टिकची घाला, अशी विनंती पहिल्याच बैठकीत करा, म्हणजे मुलाला ती स्वतः खाली-वर करता येते. तुम्ही चड्डी वर ओढून दिली तर पाच सेकंद लागतात. मुलाने ओढली तर एक मिनिट लागते आणि ती मागून अर्धी दुमडलेली राहते. तो एक मिनिट थांबा, मग दुमडलेली बाजू कुठे आहे ते सांगा. चार मुले रांगेत असताना थांबणे कठीण जाते, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच सगळ्यांना एकदम न नेता गाणी आणि डबा यांच्या मधल्या वेळेत थोडी थोडी मुले नेण्याची पद्धत मुख्य शिक्षिकेशी बोलून ठरवून घ्या.

कपडे ओले झाले तर आवाज न चढवता, कानाशी जाऊन ‘चल, कपडे बदलून येऊ’ एवढेच म्हणावे. वर्गात ‘अगं बाई, परत केलीस का?’ असे उद्गार निघाले की उरलेली एकोणतीस मुले तेच शब्द उचलतात. आमच्याकडे एक मुलगी घरी जाईपर्यंत शू दाबून धरत असे आणि त्यासाठी पाणीच पीत नसे. पुष्कळ दिवसांनी लक्षात आले की शौचालयातील मोठ्या माणसांच्या मापाच्या भांड्यात आपण पडू, अशी तिला भीती वाटत होती. आठवडाभर ती माझी दोन बोटे धरून बसली, नंतर नळ धरून, आणि नंतर काही न धरता. ही भीती तिला शब्दांत सांगता आली नव्हती. बाटली रोज भरलेली परत जाते, हे पाहिल्यामुळे ती कळली.

याच कामात मुलाची सुरक्षितताही सांभाळायची आहे आणि तुमचीही. शौचालयाचे दार आतून कधीही लावू नका. दुसऱ्या मोठ्या माणसाला तुमचा वावर दिसेल आणि आवाज ऐकू येईल असेच उभे राहा. स्वच्छता मुलाला स्वतःला करता येत असेल तर तुम्ही फक्त पाणी ओता. मदत लागत असेल तर हात लावण्यापूर्वी ‘आता मी पाणी ओतते, आता पुसते’ असे सांगा. आपल्या शरीराला हात लावण्यापूर्वी विचारले जाते, सांगितले जाते, हे मुलाला येथूनच कळते. एखादे मूल काही अस्वस्थ करणारे बोलले किंवा अंगावर खूण दिसली, तर त्याला प्रश्नांनी घेरू नका. शांतपणे ऐका, मुलाचेच शब्द जसेच्या तसे तारीख घालून लिहा आणि त्याच दिवशी प्रमुखांना सांगा. बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाचा २०१२ चा कायदा, म्हणजेच पॉक्सो, असे सांगतो की गुन्हा घडल्याची माहिती किंवा आशंका असणाऱ्या कोणत्याही व्यक्तीने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे. न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने दडवले तर त्याला शिक्षा अधिक आहे. ‘संस्थेचे नाव जाईल’ हे कारण तुम्हाला कोणी दिले तरी तुमचे कर्तव्य त्यामुळे संपत नाही. चाइल्डलाइन या मुलांसाठीच्या मदतसेवेचा १०९८ हा क्रमांक वर्गाच्या कपाटाच्या आतल्या बाजूस लिहून ठेवा.

डब्याची वेळ आली की तीस हात तुमच्यापुढे येतात: ‘ताई, उघडून दे.’ नवी सहायक पटापट सगळी झाकणे उघडते आणि काम झाले असे समजते. झाकण अर्धे सैल करून डबा मुलाच्या हातात परत द्या. उरलेले अर्धे मूल उघडते, आणि गणपतीच्या सुट्टीपर्यंत बहुतेक मुले पूर्ण झाकण स्वतः उघडू लागतात. डब्यात काय आहे यावर शेरा मारू नका, कौतुकाचाही नको, कारण ‘अरे वा, पराठा!’ हे शेजारी बिस्किटाचा पुडा घेऊन बसलेल्या मुलालाही ऐकू येते, आणि त्याची आई पहाटे पाचला कामाला जाते हे त्याला सांगता येत नाही. एकदा एका मुलाने उकडलेले अंडे आणले आणि शेजारची मुलगी नाक मुरडून ‘ई’ म्हणाली. तिला रागावून किंवा अंड्याचा डबा दुसरीकडे हलवून भागले नसते. मी दोघांच्या मध्ये बसले आणि म्हटले, ‘त्याच्या घरी अंडे आवडते, तुझ्या घरी खात नाहीत. तू तुझे खा, तो त्याचे खाईल.’ पंक्तीत एकमेकांचे वेगळे अन्न सहजपणे पाहता येणे, हे आपल्या समाजात मोठ्यांनाही अवघड जाते. ते तीन वर्षांच्या वयात शिकवण्याची जागा हीच आहे.

‘डबा संपवूनच पाठवा’ असे पालक सांगतात. माझे मत स्पष्ट आहे: कोंबून भरवू नये. किती खाल्ले ते पालकांना खरे सांगावे, उरलेले परत पाठवावे. रडत असलेल्या, पळत असलेल्या किंवा आडव्या पडलेल्या मुलाच्या तोंडात घास कधीच देऊ नये, कारण घास अडकण्याचा धोका तेव्हाच सर्वाधिक असतो. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे, बोरे, चिक्कीचे कठीण तुकडे हे पदार्थ या वयाला धोक्याचे आहेत. द्राक्षे उभी चिरून आणायला सांगा, आणि संक्रांतीच्या दिवसांत विशेष लक्ष ठेवा. वर मी चिंचोक्यांचा उल्लेख केला, तेही नाकात आणि तोंडात जातात. म्हणून ते फक्त मोठे माणूस शेजारी बसलेले असताना द्यावेत आणि मोजून परत घ्यावेत. घास अडकला आणि मूल जोराने खोकत असेल तर त्याला खोकू द्या. आवाज येईनासा झाला, श्वास घेता येईना, तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या पात्यांमध्ये तळहाताने पाच जोरदार थापा मारायच्या. तेवढ्याने सुटले नाही तर मागे गुडघ्यावर बसून बेंबीच्या वर मूठ ठेवून पाच वेळा आत आणि वरच्या दिशेने दाब द्यायचा, आणि हे आलटून पालटून करत असतानाच दुसऱ्या कोणाला तरी १०८ क्रमांकावर फोन करायला लावायचे. दिसत नसलेली वस्तू काढण्यासाठी घशात बोट घालू नये, ती आणखी खाली जाते. हे वाचून येत नाही. प्रथमोपचाराच्या प्रशिक्षकाकडून बाहुलीवर प्रत्यक्ष करून शिका, आणि ती सोय करण्याची मागणी संस्थेकडे पहिल्याच महिन्यात करा. तापात मुलाला आकडी आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवणे, तोंडात चमचा घालणे हे प्रकार करू नयेत. मुलाला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या वस्तू हलवाव्यात, वेळ पाहावी, आणि पाच मिनिटांपेक्षा अधिक चालली तर तातडीने रुग्णालयात न्यावे. थांबली तरी डॉक्टरांना दाखवायचेच.

मुख्य शिक्षिका गोष्ट सांगत असताना किंवा गाणे घेत असताना तुम्ही कुठे बसता, याला महत्त्व आहे. बाजूला उभ्या राहू नका. मुलांच्या मागच्या ओळीत, त्यांच्याच सतरंजीवर बसा. बाई जे सांगतात ते तुम्ही पुन्हा मोठ्याने सांगू नका. दोन आवाज झाले की मुले एकही ऐकत नाहीत. चुळबुळ करणाऱ्या मुलाजवळ सरकून पाठीवर हात ठेवला तरी पुष्कळदा पुरते.

भाषेचा मुद्दा येथेच सांगते. मराठी माध्यम म्हटले तरी तुमच्या वर्गात घरी गोरमाटी, वडारी, अहिराणी, हिंदी किंवा कन्नड बोलणारी मुले असू शकतात. मुख्य शिक्षिका सगळ्या वर्गाशी एकाच भाषेत बोलते. तुम्हाला मात्र एकेका मुलाशी बोलायची संधी असते. पाणी, आई, दुखते, शू, घरी, भूक हे सहा शब्द त्या मुलाच्या भाषेत शिकून घ्या. त्याच्या बोलीला ‘अशुद्ध’ म्हणू नका. त्याने त्याचा शब्द म्हटला की तुम्ही मान हलवून तोच अर्थ मराठीत म्हणा, ते पुरेसे असते.

मुलाची देखभाल हेच त्याचे शिक्षण, हा विचार आपल्याकडे नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते जवळच कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये नेले. महागडी साधने परवडणार नव्हती, म्हणून बिया, शंखशिंपले, पाने, माती यांची साधने तयार झाली. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली, आणि अंगणवाडी हा शब्द तेथूनच रुळला. लहान भावंडे सांभाळावी लागतात म्हणून मोठी मुले शाळेत येत नाहीत, हे ओळखून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या गेल्या. त्या कामात आंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे यांना वर्गातील पाठाइतकेच स्थान होते. तुमच्या पदाची परंपरा शोधायची असेल तर ती तिथे आहे. सरकारी अंगणवाड्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू झाल्या, आणि तिथे सेविकेबरोबर मदतनीस असते. तिचे काम आणि तुमचे काम पुष्कळ अंशी सारखेच आहे.

मारामारी आणि चावणे यांबद्दल थोडेसेच लिहिते. चावणारे मूल वाईट नसते. बहुधा त्याला शब्द सापडलेला नसतो. आधी ज्याला लागले त्याच्याकडे जा, जखम धुवा, मग चावणाऱ्याजवळ बसून ‘तुला गाडी हवी होती. मला दे, असे म्हण’ एवढे छोटे वाक्य द्या. सक्तीची माफी मागायला लावून काही साधत नाही. हात उगारणे, कोपऱ्यात उभे करणे, खोलीत एकटे ठेवणे, ‘पोलिसाला देईन’ अशी भीती घालणे यांपैकी काहीही करू नका, आणि इतर कोणी करत असेल तर त्यात सामील होऊ नका. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्याच्याशी क्रूरपणे वागणे हा बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७५ नुसार गुन्हा आहे.

नोंदी ठेवण्याची सवय लावून घ्या. पुढे मुख्य शिक्षिका व्हायचे असेल तर हीच तुमची खरी तयारी. एक लहान वही कंबरेच्या खिशात असावी आणि रोज तीनच मुलांबद्दल दोन-दोन ओळी लिहाव्यात. ‘हट्टी आहे’, ‘हुशार आहे’ असे शेरे लिहू नयेत, दिसले तेवढेच लिहावे: ‘डाव्या हाताने मणी ओवले, चार ओवल्यावर उजव्या हातात घेतले.’ ‘मागून नाव घेतले तर वळत नाही, समोरून घेतले की वळतो.’ ही दुसरी नोंद मी एकदा सलग तीन आठवडे लिहिली, तेव्हा मुख्य शिक्षिकेने पालकांना मुलाचे कान तपासून घ्यायला सांगितले, आणि तो ‘ऐकत नाही’ याचे कारण साचलेले पाणी निघाले. तीस मुलांसमोर उभ्या असलेल्या बाईंना ते दिसणे शक्य नव्हते. मागे बसणाऱ्याला दिसले. मात्र निदान करणे तुमचे काम नाही. स्वमग्नता, मंदत्व असे शब्द पालकांसमोर कधीही उच्चारू नका.

पालकांशी बोलण्याची सीमा मुख्य शिक्षिकेबरोबर आधीच ठरवून घ्या. पडणे, खरचटणे, ताप, डबा, शी-शू या दिवसभरातील गोष्टी तुम्ही सांगाव्यात, आणि खरचटले असेल तर पालकांनी पाहण्यापूर्वी सांगावे. मुलाच्या प्रगतीबद्दल मुख्य शिक्षिकेने बोलावे. ‘आज फार त्रास दिला हं’ हे वाक्य दारात, मुलाच्या डोक्यावरून कधी बोलू नका, कारण ते त्याला समजते. मुलांचे फोटो स्वतःच्या फोनवर काढून कोणत्याही गटावर टाकू नका. घरी सोडताना प्रवेशपत्रकात नाव असलेल्या माणसाखेरीज कोणाच्याही हाती मूल देऊ नका, ओळखीचे शेजारी असले तरी आधी फोन करा.

तुम्हाला लवकरच लेखनाचा आग्रह भेटेल. शेजारच्या शाळेतील मुले शंभरपर्यंत अंक लिहितात, तुमची का नाही, असे पालक विचारतात, आणि कधी संस्थाचालकही विचारतात. मी सहायक असताना एका ठिकाणी मला साडेतीन वर्षांच्या मुलांचा हात धरून ‘ग म भ न’ गिरवून घेण्याचे काम दिले होते. एका मुलीची बोटे पेन्सिलीवर इतकी आवळलेली असत की नखे पांढरी पडत. दोन महिन्यांत ती वही पाहताच पोट दुखते म्हणू लागली. मी तेव्हा काही बोलले नाही, आणि ते मला आजही लागते. या वयात मनगटाची आणि बोटांची हाडे व स्नायू अजून घडत असतात. कणीक मळणे, कागद फाडणे, गहू-तांदूळ निवडणे, ओल्या फडक्याने पाटी पुसणे, फडके पिळणे, वाळूत बोटाने रेघा ओढणे यांतून तो हात लिहिण्यासाठी तयार होतो. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा सलग पायाभूत टप्पा मानला आहे आणि २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने खेळ हेच शिकण्याचे माध्यम धरले आहे; पालकांशी बोलताना मुख्य शिक्षिकेला या आधाराची आठवण करून देता येईल.

मुख्य शिक्षिकेशी मतभेद झाले तर मुलांसमोर बोलू नका, पण मनातही ठेवू नका. मुले गेल्यावरची दहा मिनिटे रोजच्या बोलण्यासाठी मागून घ्या: आज काय झाले, उद्या काय लागेल, कोणाकडे लक्ष द्यायचे. ‘हे चुकते आहे’ असे म्हणण्यापेक्षा वहीतील नोंद पुढे ठेवा, ती अधिक काम करते. मात्र मारणे, कोंडणे यासारखी गोष्ट दिसली तर ती मतभेदात मोडत नाही. ती त्याच दिवशी प्रमुखांपर्यंत गेली पाहिजे.

नोकरीबद्दलही बोलते, कारण प्रेमाने करायचे काम आहे म्हणून पैशाबद्दल विचारू नये, असा एक समज या क्षेत्रात पसरलेला आहे आणि त्याचा तोटा नेहमी सहायकांनाच होतो. नेमणुकीचे पत्र लेखी घ्या. त्यात पद, वेतन, कामाचे तास, सुट्ट्या आणि मे महिन्याचे वेतन मिळणार की नाही हे स्पष्ट लिहून घ्या. वर्गझाडणी आणि शौचालयाची सफाई तुमच्याकडे आहे की सेविका मावशींकडे, हेही आधी विचारा. त्यात कमीपणा नाही, पण तुम्ही फरशी पुसत असताना मुलांकडे कोण पाहणार, हा प्रश्न आहे. २०१३ च्या राष्ट्रीय बाल्यावस्था संगोपन व शिक्षण धोरणाने तीन ते सहा वयोगटात वीस मुलांमागे एक मोठे माणूस असे प्रमाण सांगितले आहे. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात तुमची जागा चैनीची नाही, गरजेची आहे, आणि तुम्हाला कार्यालयातील झेरॉक्ससाठी अर्धा तास पाठवले गेले तर तेवढा वेळ वर्ग असुरक्षित असतो. हे नम्रपणे पण स्पष्टपणे सांगा. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळण्याचा हक्क आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला. सेविका-मदतनिसांनी चिकाटीने लढून तो मिळवला, याची आठवण या क्षेत्रातील प्रत्येकीने ठेवावी.

पहिले वर्ष काम करून पाहा आणि मग प्रशिक्षण घ्या, असे मी सुचवेन, कारण प्रश्न घेऊन गेलेल्या माणसाला प्रशिक्षणाचा वर्ग अधिक उपयोगी पडतो. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता असलेली पूर्वप्राथमिक शिक्षणाची दोन वर्षांची पदविका आहे. काही महिन्यांचे इतर अभ्यासक्रमही मिळतात, पण प्रवेश घेण्यापूर्वी मान्यता आणि प्रत्यक्ष वर्गातील सरावाचे दिवस किती, या दोन गोष्टी तपासा. शरीराची काळजी पहिल्या दिवसापासून घ्या. मूल उचलताना कंबरेतून न वाकता गुडघ्यांत वाका, वर्गभर ओरडून बोलण्याऐवजी मुलाजवळ जाऊन बोला, आणि पहिल्या पावसाळ्यात सर्दी-खोकला तुम्हालाही वारंवार होईल हे गृहीत धरून हात साबणाने धुण्याची सवय स्वतःला आणि मुलांना एकदमच लावा.

रुजू होण्याच्या आदल्या दिवशी, वर्ग रिकामा असताना, एकदा आत जा आणि दाराशी उकिडव्या बसून मुलाच्या उंचीवरून खोलीकडे पाहा. कपाटाच्या कडा कुठे येतात, खुंटी हाताला पोहोचते का, शौचालयापर्यंतची वाट दिसते का, विजेचा सॉकेट कुठे उघडा आहे, भिंतीवरची चित्रे कोणासाठी लावली आहेत, हे तिथून कळते. पायपुसणे दाराच्या आत घ्या, कारण जूनमध्ये तीस ओले पाय एकाच वेळी त्या फरशीवर येणार आहेत. शाळा सुटायच्या वेळी रडत असलेले मूल कोणाच्या कडेवर जाणार, हेही मुख्य शिक्षिकेला आदल्या दिवशीच विचारून ठेवा.